ताण वरच्या अंगाला

डिसेंबर लागला की सळई हाताला चावते. सकाळी साडेसातला हातमोजे घालून उचलली तरी तिचा गारवा कोपरापर्यंत चढतो. उन्हाळ्यात हीच सळई पोळते, पावसाळ्यात बोटांना गंजाचा रंग लावते, पण थंडीतली सळई मला जास्त ओळखीची वाटते. हैदराबादच्या बाहेर आमची साइट आहे. सत्तावीस मजले व्हायचे आहेत, आत्ता आम्ही अकराव्यावर आहोत. इथं माझ्या बोलीत बोलणारं कोणी नाही. म्हणून दिवसाची पहिली सळई उचलताना मी मनातल्या मनात दोन वाक्यं आपल्याकडची बोलून घेतो. 'लय गार हाय बाप्पा' असं काहीतरी. मग काम सुरू.

मी लोखंड बांधतो. साइटवर याला फिटर म्हणतात. नकाशात दाखवल्याप्रमाणे सळया कापायच्या, वाकवायच्या, तारेनं बांधायच्या. त्यावर दुसरी माणसं काँक्रीट ओततात आणि आमचं काम कायमचं झाकून टाकतात. गवंड्याचं काम दिसतं, रंगाऱ्याचं तर सगळ्यांत आधी दिसतं. आमचं चांगलं झालं तरी दिसत नाही आणि चुकलं तरी दिसत नाही. माझ्यासारख्या घाबरट माणसाला हा धंदा कसा मानवला, मलाच कळत नाही. जेवताना घास हातात धरून मी सकाळी सळयांभोवती बांधलेल्या रिंगा पुन्हा मोजतो. बायको फोनवर विचारते, जेवले का, आणि मी म्हणतो, अठ्ठेचाळीस.

एका हिवाळ्यात मात्र मी काहीच बांधलं नाही, आणि आयुष्यात जेवढं शिकलो नव्हतो तेवढं त्या हिवाळ्यात शिकलो. साइटवर लोखंडी नळी पायावर पडली होती. डाव्या पायाला प्लास्टर, दीड महिन्याची सुट्टी. मी महागावजवळच्या आमच्या गावी दादाच्या घरी जाऊन पडलो.

दिवसभर घरात आम्ही दोघंच. दादा आणि वहिनी उजाडलं की कापूस वेचायला शेतात. ओसरीवर बाजेवर मी, प्लास्टरचा पाय उशीवर, आणि समोर भिंतीला टेकून दादाची मुलगी प्रणाली, मांडीवर विटेएवढं पुस्तक. ती यवतमाळला इंजिनिअरिंगला होती, स्थापत्य शाखेला. परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी घेऊन आली होती. बाकी सगळे विषय निघाले होते. एकच अडकला होता, त्याला ती नुसतं 'सॉलिड' म्हणायची. लोखंड, लाकूड, काँक्रीट असल्या घट्ट वस्तूंवर जोर आला की त्यांच्या पोटात काय होतं, त्या किती वाकतात, कुठं तुटतात, याचं शास्त्र. दोनदा नापास झाली होती. ही तिसरी खेप.

"काका, तुमी झोपा ना थोडं. तुमी पाहून राह्यले की मले काईच समजत नाई."

"मी कुठं तुले पाहून राह्यलो? मी तं भिंत पाहून राह्यलो."

"भिंतीले मीच टेकून बसली हाय."

पुस्तकाची मला भीती वाटायची, हे तिला कसं सांगणार. मी आठवीत शाळा सोडली. कोणी काढलं नाही, घरातून कोणी थांबवलंही नाही. भूमितीच्या तासाला गुरुजी फळ्यापुढं उभं करायचे आणि खडू हातात आला की माझ्या डोक्यातलं सगळं पुसलं जायचं. मागची पोरं हसायची. सहामाहीनंतर एक दिवस गेलो नाही, मग दुसऱ्या दिवशी गेलो नाही, आणि मग जायची लाज वाटायला लागली. एवढंच झालं. इतक्या छोट्या गोष्टीनं एवढं मोठं काहीतरी सुटतं, हे तेव्हा कोणी सांगायला नव्हतं.

पण प्रणालीच्या पुस्तकातली चित्रं वेगळी होती. एक आडवी रेघ, तिच्याखाली दोन त्रिकोण, वरून एक बाण. ती रेघ मी ओळखली. तो बीम होता. त्रिकोण म्हणजे कॉलम, बाण म्हणजे वरचं ओझं. वीस वर्षं मी ज्या गोष्टीला खांदा लावत आलो, तिचं कोणीतरी एवढंसं चित्र काढून ठेवलं होतं.

एक दिवस ती मोठ्यानं पाठ करत होती. वस्तूवरचा जोर काढला की ती मूळ आकारात परत येते, ठरावीक मर्यादेपर्यंत. चार वेळा म्हणाली, पाचव्यांदा अडखळली. माझ्यानं राहवलं नाही.

"सळईचं तसंच अस्ते. नव्वद पाह्यजे असंन तं ब्याण्णव वाकवा लागते. हात सोडला का दोन मांगं येते."

तिनं पुस्तकातून डोकं वर काढलं. "मांगं काहून येते?"

"तिले वाटते, आपून सरळच हावो."

ती हसली. मग हसायची थांबली. "अन् कधी येतच नाई मांगं, असं होते?"

"होते ना. लय वाकवली का मंग ते वाकणं तिच्या अंगात बसते. थोडी मांगं येईन, पण पयल्यासारखी नाई होत. ठोकून सरळ केली तरी तिथं कच्चीच राह्यते."

तिनं वहीत एक रेघ काढली. सरळ वर चढत गेलेली, मग एका जागी खांदा पाडून वळलेली. त्या वळणावर पेन्सिल टेकवून म्हणाली, "काका, तुमी जे सांगतलं ना, ते हे." मी बराच वेळ त्या रेघेकडं बघत राहिलो. माझे दोन्ही हात त्यात होते. त्या दिवसापासून तिनं मला झोपा म्हणणं बंद केलं.

त्या दिवसांचा वास अजून नाकात आहे. मधल्या खोलीत कापूस भरलेला होता, त्याचा कोरडा, अंगाला खाज सुटेलसा वास. सरकीचा किंचित तेलकट वास. चुलीवर मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा वहिनी टोपलीभर समोर ठेवून जायची आणि आम्ही त्या सोलत सोलत शिकायचो. ओसरीवरचं ऊन सकाळी दाराशी असायचं, दुपारी माझ्या प्लास्टरवर चढायचं. लांब तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी, दोन्ही टोकांनी दाबली की मधून फुगते आणि तीच अर्धी तोडून दाबली तर हटत नाही, हे अंगणात बसून आम्ही करून बघितलं. उंच खांब का फुगतो, याचं गणित तिला तिथं सुटलं. दादा शेतातून आला आणि तुटलेल्या तुराट्यांचा ढीग बघून म्हणाला, "अभ्यास करून राह्यले का जळतन जमा करून राह्यले?"

मी अडाणी आहे, पण एक गोष्ट मला तेव्हा कळली. शिकलेला माणूस 'का' विचारतो, आणि आमच्यासारखा 'कसं' विचारतो. साइटवर मी हजारदा विचारलं असेल, साहेब, ही सळई कशी घेऊ. का घेऊ, हे एकदाही नाही. का विचारलं तर साहेब फळ्यापुढं उभं करतील, असं कुठंतरी आत बसलं असावं.

मग ती मंगळवारची दुपार आली.

प्रणाली वाचत होती. "हे पाहा काका. बीमले दोन्हीकून टेका असला अन् वरून ओझं आलं, तं ताण खालच्या अंगाले येते. अन् एकच बाजू भिंतीत धरलेली असंन, दुसरी हवेत, गॅलरीसारखी, तं उलटं. ताण वरच्या अंगाले."

हे माझ्या हातांना ठाऊक होतं. मोठ्या साइटवर गॅलरीच्या मुख्य सळया वर असतात, नकाशात तसं असतं, आम्ही तसं बांधतो. ताटात सकाळची ज्वारीची भाकर उरली होती, वाळून कडक झालेली. मी ती एका कडेनं मुठीत धरली आणि दुसऱ्या कडेला अंगठ्यानं हळूच दाबलं. मुठीजवळ, वरच्या बाजूला, भाकरीला चीर गेली. दाबत गेलो तशी ती चीर वरून उघडत गेली.

"बरोबर," प्रणाली खूश होऊन म्हणाली. "काँक्रीट असंच. दाबलं तं लय पक्कं, ताणलं तं कच्चं. म्हणून जिथं फाटते तिथं सळई द्या लागते. खाली देल्ली तं असून नसल्यासारखी."

मी त्या भाकरीकडं बघत होतो आणि मला ढाणकीचं एक घर दिसत होतं.

ढाणकी माझ्या मामाचं गाव. शाळा सोडल्यावर मी तिथंच राहिलो आणि हबीबचाचांच्या हाताखाली लोखंडाचं काम शिकलो. हबीबचाचा म्हणजे त्या बाजूचे जुने मिस्त्री. भिंती, स्लॅब, सगळं त्यांच्याच अंगावर. मी एकवीस वर्षांचा झालो तेव्हा त्यांनी पहिल्यांदा एक पूर्ण स्लॅब माझ्या एकट्यावर सोडला. बाजाराच्या रस्त्यावर वच्छलाबाईंचं घर, खाली दोन खोल्या होत्या, त्यावर वरची खोली चढवायची होती. तिच्यासाठी स्लॅब, आणि त्याच स्लॅबमधून रस्त्याकडं साडेतीन फूट बाहेर काढलेली गॅलरी. नकाशा वगैरे काही नव्हता. मी खोलीच्या सळया स्लॅबच्या खालच्या अंगाला बांधल्या, जशा बांधायच्या तशा. आणि त्याच सळया सरळ गॅलरीत नेल्या. खालीच. वर एक नाही. मला आठवत होतं, कारण ती जाळी किती सरळ दिसते म्हणून मी तिच्याकडं दोन-तीनदा बघितलं होतं. महिन्याभरातच मी हैदराबादला निघून गेलो आणि पुढं तिथं नकाशाप्रमाणे गॅलरीच्या सळया वर बांधत राहिलो. त्या गॅलरीची आठवणही आली नाही.

"काका, काय झालं? घाम काहून आला तुमाले?"

मी तिला सांगितलं. तिनं पुस्तक मिटलं, पण मधे बोट ठेवून. "पडली तं नाई ना अजून?"

मी मामाला फोन लावला. इकडचं तिकडचं बोललो, मग विचारलं, वच्छलाबाईची गॅलरी कशी आहे.

"गॅलरी कशी असंन? गॅलरीसारखी," मामा म्हणाला. "पापड वाळत टाकते ते म्हतारी तिथं. तुले कायले पाह्यजे?"

"कोणी उभं गिभं राह्यते का तिच्यावर?"

"आतापरेंत नाई. पण यंदा त्याइनं कापूस वरच्या खोलीत भरला ना. खालच्या खोल्या दुकानाले देल्ल्या. परवा गुरुवारी गाडी येऊन राह्यली. गॅलरीतूनच खाली टाकतीन गाठोडे. पाच-सात माणसं लागतीन."

आमच्याकडं ज्यांच्या घराला माडी आहे ते असंच करतात. चादरीत, धोतरात कापसाची मोठी गाठोडी बांधायची, गॅलरीच्या कडेला आणायची आणि खाली उभ्या गाडीत सोडून द्यायची. जिन्यातून एवढं मोठं गाठोडं उतरत नाही. माणसं कडेला रेलतात, हसत असतात, गाठोडी एकावर एक कडेलाच साचतात. आणि गाडीत कापूस तुडवायला दोन माणसं खाली, बरोबर गॅलरीच्या खाली.

मी फोन ठेवला. इतकी वर्षं ती गॅलरी पापडांच्या ओझ्यावर उभी होती.

प्रणालीचा पेपर नऊ दिवसांवर होता. मी म्हटलं, मी एकटा जातो. ती म्हणाली, "कुबडी घेऊन एसटीत चढान अन् मंग त्याइले काय सांगान? भाकर दाखवान?" बुधवारी सकाळी आम्ही निघालो. उमरखेडपर्यंत एसटी, पुढं काळीपिवळी जीप. रस्ताभर दोन्ही बाजूंनी कापसाची शेतं, बायकांच्या रांगा, आणि प्रणाली खिडकीशी बसून पुस्तक वाचतेय. एखाद्या घरी जाऊन 'तुमचं घर मी चुकीचं बांधलंय' हे वाक्य कसं सुरू करतात, ते मी एसटीत जुळवत होतो. शेवटपर्यंत जुळलं नाही.

वच्छलाबाईंनी मला लगेच ओळखलं. दिगांबर ना, हबीबभाईचा दिगू. चहा आला. पायाची चौकशी झाली. त्यांचा मुलगा प्रमोद दारात उभा राहून उद्याच्या गाडीसाठी फोन करत होता. मी कपातला चहा अर्धा ठेवला आणि सांगून टाकलं. कसं सांगितलं ते आठवत नाही.

"म्हंजे गॅलरी पडन म्हणता?" वच्छलाबाई म्हणाल्या.

"पडनच असं नाई, मावशी. पण उद्याचं ओझं तिच्यावर नका देऊ."

प्रमोदनं फोन खिशात टाकला. "पंधरा वर्षानं सांगाले आले तुमी? उद्या गाडी हाय. भाव आज बरा हाय, परवा राहीन का?"

"पम्या, चूप बस," त्याची आई म्हणाली. "लंगडत आला तो सांगाले. न सांगता बी बसला असता हैदराबादले." मग माझ्याकडं वळून, अगदी साध्या आवाजात, "हबीबभाईले बलावते. तेच सांगतीन."

हबीबचाचा आले. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा, दाढी पूर्ण पांढरी. आता काम करत नाहीत, मुलाच्या वेल्डिंगच्या दुकानात बसतात. मी उठायला गेलो तर कुबडी पडली. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. मग हसायला लागले. आवाज न करता, नुसते खांदे हलवत.

"दिगू, स्लॅबच्या दिवशी तू जेवाले कोन्त्या पंगतीत बसलता?"

आमच्याकडं स्लॅब टाकायच्या दिवशी घरमालक सगळ्या कामकऱ्यांना जेवू घालतो. मिस्त्रीला दुपट्टा आणि नारळ देतो. त्या दिवशी चाचांनी आपला दुपट्टा मला द्यायला लावला होता, माझा पहिला स्लॅब म्हणून. खोलीवरचं काँक्रीट अर्धं ओतून झालं होतं, गॅलरी बाकी होती, आणि मला खाली बोलावून पहिल्या पंगतीत बसवलं होतं. पुरी, वांग्याची भाजी, बुंदी.

"पयल्या," मी म्हणालो.

"हाव. अन् आमी वर होतो. तू बुंदी खाऊन राह्यलता तवा म्या अन् दोघा जणाइनं गॅलरीवर नव्या सळया टाकल्या. वरच्या अंगाले. आतल्या खोलीत पाच-सहा फूट घुसवून. तुह्या खालच्या तशाच राहू देल्ल्या, काढाले टाइम नोता. अन् तू हात धुवून वर याच्या आंधी काँक्रीटचा माल टाकला."

मला आठवलं. मी वर गेलो तेव्हा गॅलरी भरलेली होती आणि मला वाईट वाटलं होतं, की माझ्यासाठी कोणी थांबलं नाही.

"मंग सांगतलं काहून नाई, चाचा?"

"तुह्या गळ्यात दुपट्टा होता बेटा. सारा बाजार खाली जेवून राह्यलता. दुपट्टा घातलेल्या माणसाले तुह्यं चुकलं म्हणून कसं सांगाव? म्हटलं, मंग सांगू निवांत. तं तू हैदराबादले पळाला."

प्रमोद हसला. वच्छलाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मला हसू येत नव्हतं, रडूही येत नव्हतं. छातीवरून कोणीतरी पाटा उचलावा आणि खाली ठेवायला जागा शोधत राहावं, तसं काहीतरी झालं.

प्रणाली तेवढी हसली नव्हती. "चाचा, राग नका मानू. पाहता येईन का? वरून थोडं फोडून?"

"पोट्टीले भरोसा नाई माह्यावर," चाचा म्हणाले. त्यांना ते आवडलेलं दिसलं. "इंजिनियर हाय. नसलाच पाह्यजे. छिन्नी आना."

गॅलरी जिथं भिंतीला मिळते तिथं, वरच्या बाजूला, प्रमोदनं छिन्नी लावली. पापडाची चादर सरकवलेली. मी दाराच्या आत उंबऱ्यावर बसून होतो, गॅलरीवर पाय ठेवायची माझी हिंमत नव्हती. आधी वरचा गिलावा निघाला, मग काँक्रीटचा भुगा. छिन्नीचा आवाज एका ठोक्याला बदलला, टणक झाला. प्रणालीनं वाकून फुंकर मारली. इंचभर खाली सळई होती. तिनं त्या भोकात बोट घातलं आणि मागं न बघता म्हणाली, "हाय, काका." वीतभर बाजूला अजून एक भोक पाडलं. तिथंही होती.

आज एवढ्या वर्षांनी वाटतं, माझं खरं शिक्षण त्या दोन भोकांत आहे. प्रणालीचा तो विषय त्या खेपेला निघाला. परीक्षेत गॅलरीवर प्रश्न आला होता म्हणे, तिनं मला फोनवर गणित सांगितलं आणि मला त्यातलं अर्धं समजलं. आता ती एका रस्त्याच्या पुलावर काम करते. मी साइटवर नकाशा हातात आला की साहेबाला विचारतो, ताण कुठं आहे. पहिल्यांदा विचारलं तेव्हा साहेबानं माझ्याकडं पाहिलं आणि जमिनीवर बसून खडूनं काढून दाखवलं. समोर खडू होता, पण डोकं पुसलं गेलं नाही. घाबरट मी अजून आहे. रिंगा अजून मोजतो. फक्त आता घाबरतो ते कशाला, हे मला माहीत असतं, आणि त्यानं निम्मं ओझं उतरतं.

चाचांबद्दल मात्र काय लिहावं ते समजत नाही. माझी चूक त्यांनी तासाभरात दुरुस्त केली आणि पंधरा वर्षं जिभेवर येऊ दिली नाही. गावात कितीदा तरी माझं नाव निघालं असेल. लोखंड जोर सहन करताना आवाज करत नाही. काही माणसंही तशीच असतात.

त्या बुधवारी प्रणाली जिन्यावर वही घेऊन बसली. गॅलरीची लांबी, रुंदी, जाडी, सळईची जाडी, सगळं प्रमोदकडून मोजून घेतलं. बराच वेळ खोडलं, पुन्हा मांडलं. मग म्हणाली, "सहा माणसं. सातवं नाई. गाठोडे कडेले साचू द्याचे नाई, एक आलं का एक खाली. पण माह्या हिशोबावर पूर्ण जाऊ नका, मी दोनदा नापास हाय."

"तिसऱ्यानं होशीन पास," वच्छलाबाई म्हणाल्या.

"तरी," प्रणाली म्हणाली, "उद्यापुरत्या दोन बल्ल्या लावा खालून, बाहेरच्या कडेले. गाडी त्याच्या पलीकडं उभी करा."

लाकडाच्या जाड बल्ल्या चाचांच्या जुन्या सामानातल्या, त्यांच्या मुलाच्या दुकानातून आल्या. रस्त्यावर फळकुट ठेवून त्या उभ्या केल्या, वर पाचर ठोकली. प्रणाली खालून गॅलरीच्या पोटाकडं बघत होती. कोणाचं लक्ष नाही असं बघून माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काका, आता गॅलरीले दोन्हीकून टेका झाला. एकीकून भिंत, एकीकून बल्ली. म्हंजे आता मधातला ताण खालच्या अंगाले बी येईन. तुमच्या सळया कामाले लागल्या."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

गुरुवारी दुपारी गाडी आली, जाळी बांधलेली उंच गाडी. मी समोरच्या दुकानाच्या पायरीवर कुबडी मांडीवर घेऊन बसलो. चाचा शेजारी, काळ्या चष्म्यातून वर बघत. गॅलरीत प्रमोद आणि अजून चारजण. पहिलं गाठोडं सुटलं, गाडीत पडून फुटलं आणि रस्त्यावर पांढरा धुरळा उठला. दुसरं. तिसरं. सगळे कापूस बघत होते. मी, गॅलरी जिथं भिंतीला मिळते ती जागा बघत होतो. चाचाही तिथंच बघत होते, हे मला त्यांच्याकडं न बघता समजत होतं. प्रणाली एका बल्लीवर तळहात टेकवून उभी होती, गॅलरीच्या बरोबर खाली. मी दोनदा हाक मारली, ती हटली नाही. तासभर गेला. भिंतीपाशी केसभर रेघ उठली नाही.

"काका," प्रमोद वरून म्हणाला, "या ना वर. मॅडमनं सहा सांगतले, आमी पाचच हावो."

मी चाचांकडं बघितलं. त्यांनी माझ्या मांडीवरची कुबडी उचलून हातात दिली. मी रस्ता ओलांडला. बल्लीपाशी थांबलो.

"जा," प्रणाली म्हणाली. "मी हाय खाली."

जिना चढायला मला बराच वेळ लागला. वरची खोली निम्मी रिकामी झाली होती, भिंतींवर कापसाच्या उंचीच्या खुणा होत्या. उंबऱ्यावर मी जरा थांबलो. मग प्लास्टरचा पाय आधी बाहेर ठेवला, त्याच्यामागं दुसरा. प्रमोदनं बाजूला सरकून जागा केली आणि एक गाठोडं माझ्या दोन्ही हातांत दिलं. मी कठड्याला रेललो आणि ते खाली सोडून दिलं.